मेंदूदानाचा अर्ज भरलात, पण घरी सांगितलंत का?

सप्रेम नमस्कार.

बंगळूरमधल्या मराठी घरांना आमच्या मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक गटाची ही कळकळीची विनंती.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक काकू गेल्या. मेंदूदानाचा अर्ज त्यांनी स्वतःहून भरला होता, पण तो कपाटात साड्यांच्या घडीखाली राहिला. मुलाच्या हाती लागला तो तेरावा झाल्यावर. अर्ज भरून घेणारे आम्हीच होतो. घरी सांगा, हे बजावायचं मात्र आमच्याकडून राहिलं. ती बोच अजून गेलेली नाही.

होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या सरकारी संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूपेढी आहे. डॉ. एस. के. शंकर यांनी ती उभी केली. रक्तपेढीतलं रक्त दुसऱ्याला चढवतात. इथला मेंदू कुणाला बसवता येत नाही, तो अभ्यासासाठीच असतो. काही भाग फॉर्मालिन या कुजू न देणाऱ्या द्रावणात ठेवतात, काही उणे ८० अंशांवर गोठवतात. गोठवलेल्या भागातली प्रथिनं आणि जनुकांचं काम पुढे अनेक वर्षं तपासता येतं, पण त्यासाठी मेंदू मृत्यूनंतर लवकर हाती यावा लागतो. सुरुवातीचे काही तास म्हणूनच मोलाचे.

ज्यांच्या घरी विस्मरणाचा रुग्ण आहे त्यांना वेगळं सांगायला नको. स्कॅनमध्ये मेंदू आक्रसलेला दिसतो, पण पेशींमध्ये नेमकं काय बिघडलं ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. १९०६ साली फ्रँकफर्टमध्ये ऑगस्टे डेटर ही रुग्ण वारली. तिचा मेंदू आलोइस आल्झायमर यांच्याकडे म्युनिकला पोचला आणि त्यात त्यांना पेशींबाहेरचे साके आणि पेशींमधले गुंते दिसले. आज आपण ज्या आजाराचं नाव घरोघरी ऐकतो, त्याची ओळख अशी एका बाईच्या मेंदूतून झाली. आणि मेंदू आजारीच हवा असं नाही. निरोगी माणसाचा मेंदू शेजारी ठेवल्याशिवाय बिघाड कशाला म्हणायचं तेच ठरत नाही. तो मिळणं जास्त कठीण, कारण धडधाकट माणसाला हा विचार सुचत नाही.

निम्हान्सला १९९४ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २०१२ च्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली. मेंदूविकारांचं निदान शिकणारे तरुण डॉक्टर, पीएच.डी.चे विद्यार्थी अशाच नमुन्यांवर तयार होतात. तिथलं मेंदूचं संग्रहालय तर सगळ्यांनी पाहावं असं आहे. मुलांना खराखुरा मेंदू हातात घेऊ देतात. सव्वा-दीड किलोचा तो गोळा हातात आला की गडबड करणारी मुलंही एकदम शांत होतात. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मध्यमेंदूतला काळा पट्टा फिका पडतो, हे पाहून आमच्यातले एक आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीला तोच आजार होता.

काही शंका नेहमी विचारल्या जातात. छेद टाळूवरून, केसांत घेतात. चेहरा तसाच राहतो. देह अंत्यसंस्कारासाठी नातेवाइकांना परत मिळतो. देह अपुरा राहिला तर गती मिळते का, असं विचारणारेही आमच्यात आहेत. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही, ज्याचा त्याने निर्णय घ्यावा. पण निर्णय झाला असेल तर तो एकट्याचा ठेवू नका. अर्ज म्हणजे तुमची इच्छा. प्रत्यक्ष वेळी संमती जवळच्या माणसांनीच द्यायची असते.

आम्हाला तुमच्याकडून काय हवं आहे, ते सांगतो. पहिली गरज माणसांची. मध्यरात्री फोन आला तर उचलणारं, कन्नड बोलता येणारं, रडणाऱ्या घरात शांतपणे उभं राहून कागदपत्रं बघणारं कुणीतरी हवं. महिन्यातल्या दोन रात्री दिल्यात तरी चालेल. दुसरी गरज पैशांची. शववाहिकेचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही छोटा निधी उभारत आहोत. त्यातूनच शाळकरी मुलांना संग्रहालयात नेण्याच्या बसचं भाडंही द्यायचं आहे. रक्कम कितीही असो, मंडळाच्या कार्यालयात पावती मिळेल. पुण्या-मुंबईकडे असलेल्या मुलांनी आपल्या इथल्या आईवडिलांसाठी आमच्या यादीत स्वतःचा नंबर जरूर नोंदवावा.

ज्यांनी अर्ज आधीच भरला आहे, त्यांनी आज रात्री जेवताना तो घरच्यांना वाचून दाखवावा, आणि एक प्रत फ्रिजच्या दारावर लावावी. कपाटात ठेवू नये.

आपले,
ज्येष्ठ नागरिक गटाचे कार्यकर्ते