दांडा कोणता, हेही रुग्णाला कळू द्या

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेवरचा लेख वाचला. रोबो, छोटा छेद, सिरॅमिकचा बॉल, दुसऱ्या दिवशी चालणे, सगळे आले. मांडीच्या हाडात जो धातूचा दांडा घालतात त्यावर मात्र एक ओळही नाही. मी डॉक्टर नव्हे. तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवली, म्हणून माझी नजर दांड्यावर जाते.

उतारवयात बदललेला खुबा बिघडण्याचे एक मोठे कारण म्हणजे घरात पडल्यावर दांड्याभोवतीचे हाड फुटणे. दांडा सैल झाला असेल तर तो काढून लांब दांडा घालायचा, हाड तारांनी आवळायचे. ही शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी, आणि माणूस पहिल्यापेक्षा थकलेला.

हाड फुटणे न्हाणीघराच्या फरशीवर जितके अवलंबून, तितकेच दांड्याच्या घडणीवरही. दांडा हाडासाठीच्या खास सिमेंटमध्ये रोवतात, नाहीतर बिनसिमेंटचा नुसता ठोकून घट्ट बसवतात. यातला बिनसिमेंटचा आधी पाहू. टणक हाड तो ताण पेलते आणि पुढे त्याच्या खरबरीत पृष्ठभागात वाढून त्याला धरून ठेवते. तरुण रुग्णांना तो चांगलाच. पण ठिसूळ, आतून पोकळी रुंदावलेल्या हाडात तोच दांडा ओंडक्यात मारलेल्या पाचरीसारखा वागतो. ब्रिटनमध्ये खुबा मोडलेल्या साठीपुढच्या १,२२५ रुग्णांवर अर्धा सांधा (म्हणजे फक्त मांडीकडचा बॉल आणि दांडा) बसवून चाचणी झाली. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. दांड्याभोवतीचे हाड मोडण्याचे प्रमाण सिमेंटवाल्यांत ०.५ टक्के, बिनसिमेंटवाल्यांत २.१ टक्के. सिमेंटचाही धोका आहेच: ते भरताना रक्तदाब एकदम कोसळू शकतो, क्वचित जिवावर बेतते. म्हणून निवड सर्जननेच करायची, पण ती का केली हे घरच्यांना सांगायला काय हरकत आहे?

बिनसिमेंटचाच दांडा घालायचा, तरी त्याला वर कॉलर, म्हणजे बाहेर आलेली कड, आहे की नाही याने फरक पडतो. कॉलर हाडाच्या कापलेल्या कडेवर टेकते, दांडा खाली घसरू किंवा फिरू देत नाही. ब्रिटनच्या बदललेल्या सांध्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत पहिल्या ९० दिवसांत हाड मोडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण कॉलरवाल्यांत कमी दिसले. इतकी साधी गोष्ट!

सिमेंटवाले दांडेही एकसारखे नसतात. १९७० मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरला रॉबिन लिंग हे सर्जन आणि क्लाइव्ह ली हे अभियंते यांनी गुळगुळीत, निमुळता दांडा घडवला. तो सिमेंटमध्ये किंचित खाली सरकून आणखी घट्ट व्हावा अशीच त्याची रचना आहे, आणि तो वर्षानुवर्षे उत्तम टिकतो. मात्र पडताना पाय पिळवटला तर असा निमुळता आकार हाड चिरू शकतो. त्याच जातीच्या, पण कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या सीपीटी नावाच्या दांड्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये इशारा दिला: तत्सम दांड्यांपेक्षा यात मांडीचे हाड मोडण्याचा धोका जास्त. झिमर बायोमेट या उत्पादक कंपनीने डिसेंबर २०२४ पर्यंत त्याची विक्री थांबवण्याचे ठरवले होते. ज्यांना तो बसला आहे आणि काही त्रास नाही, त्यांनी तो काढून घ्यावा असे त्या प्रशासनाने सांगितलेले नाही, तेव्हा घाबरू नये. पण मांडीत नवे दुखणे आले तर लगेच दाखवावे.

असा इशारा आला तर आपल्याकडे तो पोहोचवणार कोणाला? स्वीडनमध्ये १९७९ पासून, ब्रिटनमध्ये २००३ पासून बसवलेल्या खुब्यांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. आपल्याकडे सांधारोपण सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता, आणि त्यातल्या बहुतेक रुग्णांचा पुढे मागच लागला नाही.

इम्प्लांटच्या खोक्यातले लॉट नंबरचे (कोणत्या खेपेत बनले त्या क्रमांकाचे) स्टिकर रुग्णालयाच्या फाइलला लागते. त्याची एक प्रत डिस्चार्ज कार्डावरही चिकटवावी. शेजारी सिमेंट वापरले की नाही, कॉलर आहे की नाही, एवढे लिहावे. आयुष्मान भारतसारख्या सरकारी योजनेतून ज्या शस्त्रक्रियांचे पैसे दिले जातात, त्यांना तरी ही अट राज्य सरकार उद्यापासून घालू शकते. स्टिकर नाही, तर बिल मंजूर नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मिरज