आयर्विनची पातळी छापता तशी भरतीची वेळ पण छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. जून उजाडला की तुमचा पेपर हातात आल्या आल्या आम्ही सांगलीकर पहिलं काय बघतो तर आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय आणि कोयनेतून विसर्ग किती सोडला ते बघून माणसं माळ्यावर सामान चढवायचं का नाही ते ठरवतात. हे छापता त्याबद्दल आभारच आहेत. पण पाऊस संपला की ती चौकट रिकामी होते, तर ऑक्टोबर ते मे तिथं निदान शनिवारी तरी रत्नागिरीची भरती-ओहोटीची वेळ छापा की. दोन ओळी लागतील फक्त.

का म्हणून ते सांगतो. गळाचा नाद सांगलीला जुनाच आहे, हरिपूरच्या संगमावर कणिक नाहीतर गांडूळ लावून तासन्‌तास बसणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय आणि मी पण त्यातलाच. पण आता पोरांकडं गाड्या आल्या, ऑनलाइन रॉड आले, आणि रविवारी पहाटे आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांवर, एमएच १० आणि एमएच ०९ च्या (सांगली-कोल्हापूरच्या) गाड्या दिसायला लागल्यात. वाईट काही नाही त्यात. फक्त नदीची अक्कल घेऊन समुद्रावर जायचं नसतं, हे मला स्वतःला कळायला चार-पाच ट्रिपा आणि बरेच पैसे गेले.

पहिल्या वेळी मी नदीचाच सेट नेला, बारीक नायलॉन, छोटं रील आणि गळाची दोन पाकिटं. किनाऱ्यालगतच्या खडपात शिसं (दोर बुडावा म्हणून बांधतात ते वजन) टाकलं की ते फटीत जाऊन बसतं, ओढलं की तुटतं, अर्ध्या तासात एक पाकीट संपलं. मग एकदा काहीतरी असं लागलं की रॉड वाकून पाण्याला टेकला, मी नदीच्या सवयीनं म्हणलं पळू दे दमू दे, तर तीन सेकंदात दोर ढिला. वर काढून बघितला तर ब्लेडनं कापल्यासारखा. गोबरा होता म्हणे, खडकातला मासा. गोबरा नदीतल्या कटल्यासारखा उघड्यावर पळत नाही, तो बिळाच्या तोंडाशी दबा धरून असतो, आमिष गिळलं की उलटा फिरून घरात. आणि खडपाला जी कालवं चिकटलेली असतात त्यांची धार दाढीच्या पात्याला लाजवेल.

शेजारी एक आजोबा हातदोरीनं गरवत होते. रॉड नाही, रील नाही, पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला जाड नायलॉन. त्यांच्या पिशवीत दोन तांबोशी होत्या आणि माझ्याकडं बघून हसू दाबत होते. शेवटी म्हणाले, "अहो, शिसं दोराला कशाला बांधताय, सुतळीला बांधा." हे मी इथं नीट लिहितो कारण एवढ्या एका गोष्टीनं माझा खर्च निम्म्यावर आला. मुख्य दोराच्या टोकाला शिसं नाही बांधायचं, टोकाला वीतभर कच्ची सुतळी नाहीतर अगदी बारीक नायलॉन, त्याला शिसं, आणि गळ त्याच्या हातभर वर आडव्या फांदीवर, म्हणजे मुख्य दोरातनं काढलेल्या आखूड दोरावर. अडकलं तर सुतळी तुटते, शिसं जातं, गळ आणि मासा दोन्ही परत येतात. आता तर मी शिसं पण नेत नाही, आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडनं जुने स्पार्क प्लग आणतो डबाभर, फुकट. अर्थात लोखंड काय आणि शिसं काय, खडपात राहतंच, म्हणून जरा बघून टाकावं.

बाकी सेटचं म्हणाल तर ८ ते १० फुटी जरा दणकट रॉड, ४००० किंवा ५००० साइझचं रील, ३० पौंडाची ब्रेडेड (विणलेली) लाइन आणि पुढं वाव-दीड वाव ५०-६० पौंडाचा जाड नायलॉनचा लीडर. ब्रेडेड ताकदीला भारी पण खडकाला घासली की गेली, लीडर जाड असल्यानं घासणं सोसतो, म्हणून दोन्ही लागतात. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, नदीसारखा सैल ठेवायचा नाही. इतर ठिकाणी दोराच्या ताकदीच्या पावपट ठेवतात, इथं तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आवळायचा आणि मासा लागला की पहिल्या दोन-तीन सेकंदात त्याचं डोकं वर वळवायचं, नंतर खेळवा हवं तेवढं. तरी बिळात गेलाच तर ओढत बसू नका, दोर ढिला सोडून दोन-चार मिनिटं गप्प बसा, कधीकधी तो आपणहून बाहेर येतो. आमिषाला कोळंबी, तारलीचा तुकडा, बारका खेकडा. ल्युअर (नकली आमिष) टाकायचा तर लाट फुटून पांढरा फेस होतो त्याच्या कडेनं टाका, फेसात बारकी मासळी गोंधळते आणि मोठा मासा तिथंच टपलेला असतो.

आता मूळ मुद्दा. पौर्णिमेनंतरचा रविवार होता, द्वितीया. आम्ही तिघं सव्वासातला पोचलो तर पाणी इतकं आत गेलेलं की खडप लांबपर्यंत उघडं, आम्ही खूश, टोकापर्यंत चालत गेलो. मधे एक घळ लागली, घोट्याएवढं पाणी, उडी मारून ओलांडली. मासा लागत होता, मागं कुणी बघितलंच नाही. साडेदहाच्या सुमाराला मित्र डबा आणायला मागं वळला आणि तिथंच थांबला, म्हणाला, "घळ कुठाय?" घळीत छातीएवढं पाणी, लाट आली की डोक्यावरनं. माझी सँडल हिरव्या शेवाळावर सटकली, गुडघा सोलून निघाला, रॉड गेला. त्या आजोबांनी किनाऱ्यावरनं दोर फेकला म्हणून एकेक करून आलो. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, नुसतं विचारलं, "आज तिथी कुठली ते बघितलंत का घरनं निघताना?"

कोकणातला जुना हिशोब त्यांनीच सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. द्वितीया म्हणजे दीड, अष्टमी म्हणजे सहा. त्याच्या सव्वासहा तास आधी पूर्ण ओहोटी. अंदाज आहे, तासभर इकडंतिकडं होतं, गावागणिक पण फरक पडतो. पण आमची द्वितीया बघा, दीडला भरती म्हणजे सव्वासातला तळ, आणि पाणी चढताना पहिल्या तासाला हळू, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र निम्मं पाणी तेवढ्यातच चढतं. म्हणजे सव्वानऊ ते सव्वाअकरा. आम्ही तेव्हा मासे मोजत होतो. त्यात अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, ओहोटी जेवढी लांब जाते तेवढीच भरती वर येते, म्हणजे ज्या दिवशी खडप जास्त उघडं दिसतं तोच दिवस जास्त धोक्याचा. कोयनेचं पाणी सांगलीत यायला दिवस लागतो, आपल्याला आवराआवरीला वेळ मिळतो. समुद्र सहा तासात येतो, तो पण रोज दोनदा.

सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरतीची कोष्टकं काढतं, समुद्राची माहिती देणारी हैदराबादची सरकारी संस्था इन्कॉइस उंच लाटांचा इशारा देते, म्हणजे माहिती आहे, फक्त घाटावर पोचत नाही. लाटांचा इशारा पण छापाच, कारण आभाळ निरभ्र असतानाही लांबच्या वादळाची लाट किनाऱ्यावर येऊन आपटते आणि आपला माणूस ऊन बघून निवांत असतो.

जाता जाता दोन गोष्टी. गोबरा आधी मादी असतो आणि वाढल्यावर त्यातले काही नर होतात, त्यामुळं वीतभर पिल्लं पिशवीत भरू नका आणि एकाच खडपावरचे सगळे धटिंगण पण उचलू नका. आणि घरी आल्यावर रील बाइक वॉशिंगवाल्याकडं प्रेशरनं धुऊ नका, मी धुतलंय, मीठ बेअरिंगमधे आत गेलं आणि आठवड्यात हँडल दळणाच्या जात्यासारखं वाजायला लागलं. ड्रॅग आवळायचा, वरनं गोडं पाणी हलकं सोडायचं, पुसून सावलीत ठेवायचं, झालं.

तुम्ही वेळा छापेपर्यंत मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं पाऊणपट लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात एकादशीपुढं "सव्वाआठ" लिहिलेलं बघून आईनं विचारलं, फराळाची वेळ का रे ही?

आपला एक वाचक,
विश्रामबाग, सांगली