सूचना : गॅस लाइनच्या व्हॉल्व्हची तपासणी, रविवारी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत गॅस कंपनीचे तंत्रज्ञ प्रत्येक घराचा मीटर व व्हॉल्व्ह तपासतील. त्या वेळेत गॅस बंद राहील, स्वयंपाक आधीच उरकून घ्यावा. घरी एक मोठी व्यक्ती हवी.

– मीटरभोवतीच्या कुंड्या, सायकली, रद्दी शनिवारीच हलवा. व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचलाच पाहिजे.
– मीटरजवळच्या व्हॉल्व्हची खूण सोपी आहे: दांडी पाइपच्या रेषेत असेल तर चालू, पाइपला आडवी (काटकोनात) असेल तर बंद. घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, मुलांनाही.
– जमिनीखालच्या लाइनवर बसवलेला ‘एक्सेस फ्लो व्हॉल्व्ह’ खोदकामात पाइप तुटून गॅस जोरात वाहू लागला की आपोआप बंद होतो. शेगडीच्या नळीतून होणारी बारीक गळती त्याला कळत नाही. तेव्हा ‘व्हॉल्व्ह आहे ना’ म्हणून निर्धास्त राहू नये.
– वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. बाहेर पडा आणि मगच फोन करा.
– एकदा बंद केलेला मीटरचा व्हॉल्व्ह स्वतः उघडू नये. ते काम तंत्रज्ञाचेच.

रविवारी घरी नसाल तर शुक्रवारपर्यंत सचिवांना कळवा.

– व्यवस्थापक समिती