काच ‘निराकार’ नसते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सौर पॅनेलवरच्या भाषांतरित मजकुरात ‘निराकार सिलिकॉन’, काचेविषयीच्या मजकुरात ‘निराकार पदार्थ’ असे वाचायला मिळते. मूळ शब्द ‘अमॉर्फस’. ग्रीकमध्ये ‘अ’ म्हणजे नसलेले, ‘मॉर्फी’ म्हणजे रूप. शब्दाला शब्द जुळतो, पण अर्थ निसटतो. काचेच्या पेल्याला आकार असतोच. नसते ती आतल्या अणूंची लांबवर चालणारी शिस्तीची रांग. म्हणून बर्फ 0 अंश सेल्सिअसला वितळतो, काच मात्र तापवावी तशी हळूहळू मऊ होत जाते. तिला ठरावीक द्रवणांक नाही. शालेय पुस्तकांतला ‘अस्फटिकी’ हा शब्द इथे नेमका बसतो.

फरक स्वयंपाकघरातही दिसतो. खडीसाखर स्फटिकी. त्याच साखरेचा पाक 150 अंशांच्या आसपास नेऊन पटकन गार केला, की कणांना रांग धरायला वेळच मिळत नाही आणि काचेसारखी कडक, पारदर्शक गोळी होते. पाक ढवळत राहिलात किंवा कडेला चिकटलेले दाणे आत पडले, तर त्या दाण्यांभोवती स्फटिक धरतात आणि पाक साखरतो. लिंबू पिळतात ते याचसाठी: आम्लामुळे थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि स्फटिक सहज जमत नाहीत.

आता ‘निराकार’. निः + आकार; पुढे स्वर आल्याने विसर्गाचा र् झाला, जसे दुः + आत्मा = दुरात्मा. ‘आकार’ आला आ + कृ वरून. गंमत अशी, की ‘निराकरण’ही निर् + आ + कृ याच घटकांचे, पण अर्थ दूर सारणे. ‘निराकार’च्याच अर्थाचा ‘नीरूप’ लिहिताना पहिली वेलांटी दीर्घच हवी. निः नंतर र आला की विसर्ग जातो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो, जसे नीरस. ऱ्हस्व नि घेतलेत तर ‘निरूपण’च्या घरात शिरलात, आणि कीर्तनकार निरूपणात विषयाला रूप देतो, काढून घेत नाही! (वीजबिलात ‘स्थिर आकार’ असतो, तो आकारणीतला. तिथे निराकार बिल कुणाला नको?)

तेव्हा भाषांतर करणाऱ्यांनी आधी पाहावे, नेमके काय नाही. अणूंची शिस्तीची रचना नसेल तर ‘अस्फटिकी’. धुके, ढग यांना ‘आकारहीन’. संघटना किंवा चळवळ असेल तर ‘विस्कळीत’. ‘निराकार’ परब्रह्मासाठी राखून ठेवावा. ‘बेढब’ मात्र यांपैकी कुठेच चालणार नाही. त्यातला फारसी ‘बे’ नकाराचा असला, तरी बेढब वस्तूला आकार असतो, फक्त तो बघवत नाही.

आपले,
भाषांतराचे काम करणारे काही वाचक
सदाशिव पेठ, पुणे 30