दोन नाटकांच्या मध्ये जेवायचं कुठे?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पुण्यात रविवारी बालगंधर्वला साडेपाचचा प्रयोग बघायचा आणि साडेनऊला भरत नाट्य मंदिरात दुसरा, असं करणारे आम्ही बरेच जण आहोत. पहिलं नाटक सुटतं आठ-सव्वाआठला, हातात राहतो जेमतेम तासभर, त्यात पार्किंगमधून गाडी काढण्यातच पंधरा मिनिटं जातात, आणि नेमकं रविवारी संध्याकाळी पेठांमधल्या बऱ्याच खानावळींवर 'बंद'ची पाटी असते, जिथे चालू असतं तिथे बाहेर वहीत नाव लिहून ताटकळत उभं राहायचं. मागे एका नावाजलेल्या डायनिंग हॉलला ताट समोर यायलाच नऊ वाजले, आईला डायबेटीस आहे, तिला भरभर चार घास खायला लावून पळावं लागलं, फार वाईट वाटलं.

माझा अनुभव सांगते, अशा वेळी थाळीच्या नादी लागू नये. सरळ चालत गुडलकला जावं, 1935 पासूनचं हॉटेल आहे, खिमा पाव नाहीतर बन-मस्का ऑम्लेट पटकन येतं, मग रिक्षाने लकडी पुलावरून भरतला.

पण घरच्यासारखं जेवायचं असेल त्यांनी काय करायचं? बालगंधर्व महापालिकेचं आहे, 1968 पासून रसिकांनी भरभरून प्रेम दिलंय, तिथल्या बटाटेवड्यावर आमचाही जीव आहे, पण रात्री आठ ते सव्वानऊ नुसती गरम पोळी-भाजी आणि वरण-भात ठेवला तरी किती ज्येष्ठांची सोय होईल! आणि निर्मात्यांनी जाहिरातीत नाटक किती वाजता संपणार तेही छापावं, प्लीज.

– एक नाट्यप्रेमी, सदाशिव पेठ, पुणे