क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : व्यायामशाळा दिली, आता शिकवणारा द्या

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळा-महाविद्यालयांतील खेळाडूंसाठी तालुका पातळीवर स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग (शरीराची ताकद व तयारी करून घेणाऱ्या) प्रशिक्षकाचे पद निर्माण करणेबाबत.

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी राहतो. एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) झालेला आहे. दिवसा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि पहाटे पोलीस भरतीची बॅच घेतो. तासिकेचं मानधन कधी जमा होईल हे कोणी सांगू शकत नाही. घर चालतं ते बॅचच्या फीवर. माझ्यासोबत शिकलेल्यांपैकी कोणी कृषी केंद्र टाकलं, कोणी पुण्याच्या जिममध्ये आयटीवाल्यांची पोटं कमी करून देतो, कोणी घरची सोयाबीन सांभाळतो. आमच्या भागाला व्यायाम शिकवायची परंपरा नाही असं कोणी म्हणू नये. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं कबड्डी आणि मल्लखांबाची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. शिकलेली माणसं विदर्भात भरपूर आहेत. त्यांना बसवायला खुर्ची नाही, एवढंच.

आधी आमच्याकडची एक व्यायामशाळा दाखवतो. बारा स्टेशनचं मल्टिजिम आहे. त्यातली एक तार तुटली, ती कोणीतरी बाजेच्या नवारीनं बांधून ठेवली आहे. रॉड आहे, पण त्याचे कॉलर हरवलेत, म्हणून प्लेटा निसटू नयेत यासाठी पोरं टोकाला सुतळी गुंडाळतात. डंबेलच्या जोडीतलं एक दहाचं, दुसरं साडेसातचं. चावी चौकीदाराजवळ आणि चौकीदार वावरात. भिंतीवर उद्घाटनाची पाटी मात्र चकाचक आहे, तिला कोणी हात लावत नाही ना!

हे सगळं सरकारच्या पैशातून येतं. व्यायामशाळा विकासासाठी अनुदान आहे, बांधकामाला आहे, साहित्याला आहे. गावोगावी ओपन जिमसुद्धा बसल्या. या लोखंडाचं काय करायचं हे सांगणाऱ्या माणसासाठी कोणत्याच लेखाशीर्षात जागा नाही. कारणही उघड आहे. लोखंडाचं बिल एकदाच काढायचं असतं, नारळ फोडायला मिळतो, फोटो निघतो. माणसाचा पगार दर महिन्याला काढावा लागतो आणि त्याच्यावर नावाची पाटी लावता येत नाही.

आपले अधिकारी म्हणतील, शाळेत पीटीचे सर आहेत, महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहेत, मग हा नवीन कोण? पीटीच्या सरांकडे पाचशे पोरं, परिपाठ, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि वरून निवडणुकीची कामं. संचालकांकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची पत्रं, संघाची तिकिटं आणि महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, म्हणजे नॅकची फाईल. आणि मुळात हे काम वेगळं आहे. कबड्डीचा कोच पकड शिकवतो. त्या पकडीत अंगावर चौघं पडली तरी खांदा आणि गुडघा जागेवर राहावा, जुलैत कच्चं असलेलं शरीर नोव्हेंबरच्या विभागीय सामन्यापर्यंत पिकावं, आणि सामन्याच्या आठवड्यात कोणी उत्साहानं पाय मोडून घेऊ नये, हे बघणारा माणूस दुसरा लागतो.

एक साधी चाचणी आहे. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या कुठल्याही संघाला वर्गातल्या बाकावर उभं करा आणि खाली उडी मारायला सांगा. बऱ्याच जणींचे गुडघे जमिनीला पाय टेकताच आत वळतात, एकमेकांकडे. असा आत वळणारा गुडघा पुढे सामन्यात दिशा बदलताना फिरतो आणि आतला, गुडघा जागेवर धरून ठेवणारा एसीएल लिगामेंट तुटतो. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, हे जगभर मान्य आहे. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायला शिकवणं, कंबरेत आणि मांडीच्या मागच्या भागात ताकद आणणं, याला मशीन लागत नाही. फुटबॉलसाठी केलेला ‘फिफा ११+’ हा वॉर्मअप वीस मिनिटांचा आहे, त्याला एक रुपयाचं साहित्य लागत नाही, आणि नॉर्वेत मुलींच्या संघांवर तो करून पाहिला तेव्हा दुखापती साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी झाल्या. आमच्याकडे गुडघा गेला की एमआरआयसाठी नागपूर गाठावं लागतं. ऑपरेशनचा आकडा ऐकला की बाप म्हणतो, “राहू द्या सर, तिले आता कुठी खेळाचं आहे.” झालं, त्या मुलीचा खेळ तिथे संपतो. पुढच्या वर्षी तिचं लग्नही होऊन जातं.

आता भरतीचं बोलतो, कारण ग्रामीण विदर्भात ‘ग्राउंड’ म्हटलं की पोरांना आधी तेच आठवतं. मैदानी चाचणी आपलं सरकारच घेतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक, असे पन्नास गुण. मुलानं १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत काढलं तर वीसपैकी वीस. त्या दहा सेकंदांपायी पोरं पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावतात, रोज, जीव तोडून, एकाच वेगानं. आठवड्याला किती किलोमीटर वाढवायचं, कोणत्या दिवशी थांबायचं, हे सांगणारा कोणी नाही. मग नडगी दुखायला लागते, पोरगं बाम चोळून धावत राहतं आणि हाडाला बारीक तडा जातो. तेव्हा नेमकं हॉल तिकीट येतं. २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले, त्यानंतर अंतर कमी झालं. अंतर कमी करणं सोपं होतं, म्हणून ते झालं. तयारी करून घेणारा माणूस देणं तेव्हाही राहिलं.

यानंतरचा मुद्दा आरोग्य विभागाच्या हद्दीतला वाटेल, पण तो मैदानावरचाच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, आमचा झरी-केळापूरचा पट्टा, इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ज्याला आजार आहे त्याला घरचे सांभाळतात. जो नुसता वाहक आहे, म्हणजे ज्याला आई-बापांपैकी एकाकडूनच तो दोष मिळाला आहे, तो धडधाकट असतो, खेळतो, भरतीला पळतो, आणि ते बरोबरच आहे. पण वाहकाच्या रक्तातही एक अडचण असते. कडक उन्हात, अंगात पाणी कमी असताना, न थांबता एकामागून एक जोराचे राउंड मारायला लावले तर लाल पेशी आकार बदलतात, स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो आणि पोरगं कोसळतं. अमेरिकेत २००६ मध्ये राईस विद्यापीठाचा डेल लॉइड नावाचा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू असाच सरावानंतर गेला. एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन खेळाच्या संघटनेनं, एनसीएएनं, २०१० पासून पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांत सिकलसेलची माहिती घेणं किंवा तपासणी करणं नियमात आणलं. कोणालाही खेळातून काढायचं नाही. राउंडच्या मध्ये विश्रांती वाढवायची, पाणी द्यायचं, हळूहळू चढवायचं, आणि पोरगं “सर, पाय भरून आले” म्हणालं की शिटी वाजवून बसवायचं. आमच्याकडे त्याच वेळी काय होतं? “काहून बे, नाटकं करतं काय, अजून एक राउंड मार!” मे महिन्यात, जिथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तिथे. सिकलसेलची तपासणी गावोगावी होते, पोरांजवळ कार्डं असतात. ते कार्ड मैदानावर मागणारा माणूस नाही.

हे पद अमेरिकेत काही आभाळातून पडलं नाही. नेब्रास्का हा मक्याच्या शेतीचा प्रदेश, आपल्यासारखाच खेड्यांचा. १९६९ मध्ये तिथल्या विद्यापीठानं बॉइड एप्ली नावाच्या एका जखमी पोल व्हॉल्टरला (बांबूउडीच्या खेळाडूला) अमेरिकन फुटबॉल संघाची ताकद वाढवायला ठेवलं. तेव्हा तिथल्या कोच लोकांचीही समजूत होती की वजन उचललं की खेळाडू आखडतो, मंद होतो. आज आमच्या गावात आई म्हणते, वजन उचललं की पोराची उंची थांबते. समजूत तीच, फक्त पन्नास वर्षं उशिरानं पोचली. (योग्य देखरेखीखाली केलेल्या वजनाच्या व्यायामानं वाढ खुंटत नाही, हे बालरोगतज्ज्ञ कधीचे सांगताहेत. देखरेखीखाली, हा त्यातला महत्त्वाचा शब्द.) एप्लीनंच १९७८ मध्ये अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी केली, आणि २०१५ पासून एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत मान्यताप्राप्त प्रमाणपत्राशिवाय हे काम करता येत नाही. तिथलं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. तिथे मुख्य कोच गेला की त्याच्यामागे हा प्रशिक्षकही घरी जातो. ती पद्धत आपल्याला नको, घरी बसायचा अनुभव आम्हाला आहेच.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर अमेरिकेची परीक्षा इंग्रजीत आणि फी डॉलरमध्ये. ती भरू शकणारा पोरगा परत तालुक्याला येत नाही, तो मुंबईत फ्रँचायझीच्या संघामागे लागतो आणि त्यात त्याची चूकही नाही. आपल्याकडे अमरावती, गोंडवाना आणि नागपूर ही तीन विद्यापीठं आहेत, अमरावतीला शारीरिक शिक्षणाचं जुनं महाविद्यालय आहे, पुण्यात बालेवाडीला क्रीडा विद्यापीठाचा घाट घातलेला आहे. बी.पी.एड. झालेल्यांसाठी वर्षभराचा, मराठीतून, निम्मा वेळ मैदानावर चालणारा अभ्यासक्रम यांना बांधता येणार नाही का? दुखापत ओळखणं, भाराचं नियोजन, ऊन आणि पाणी, सिकलसेल, सीपीआर, आणि रोज ज्वारीची भाकर-वरण खाणाऱ्या पोराला प्रथिनं कुठून मिळतील याचं उत्तर. डब्यातल्या पावडरीचं उत्तर जिमवाले देतातच.

पोरांत कस आहे, हे वेगळं सांगायला नको. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या मुलांनी एव्हरेस्ट गाठलं. त्याआधी आदिवासी विकास विभागानं त्यांची पद्धतशीर तयारी करून घेतली होती, म्हणून ते झालं. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये तिरंदाजीत विश्वविजेता झाला, पण सराव करायला त्याला साताऱ्याला जाऊन राहावं लागलं. ज्याच्या घरच्यांना मुलगा साताऱ्याला ठेवणं जमत नाही, त्याचं काय?

मागणी छोटी आहे. विदर्भात अकरा जिल्हे आणि १२० तालुके आहेत. तालुक्याला एक, म्हणजे १२० माणसं. नेमणूक तालुका क्रीडा संकुलावर, काम आजूबाजूच्या शाळा, आश्रमशाळा आणि महाविद्यालयांच्या संघांवर. सकाळी मैदान, दुपारी एखाद्या शाळेत पीटीच्या सरांना वॉर्मअप शिकवणं, संध्याकाळी व्यायामशाळा. भरतीची पोरंही तिथेच येतील, येऊ द्या. महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकाची वेतनश्रेणी ५७,७०० पासून सुरू होते. तेवढं मागत नाही, पण त्याच्या निम्मं तरी द्या आणि ते बारा महिने, दर महिन्याला द्या. एजन्सीमार्फत भरू नका. निम्मा पगार एजन्सी खाते आणि माणूस सहा महिन्यांत पळतो. आणि हे पद दाखवून शाळेतल्या शारीरिक शिक्षकाची जागा कमी करू नका. संचमान्यतेत, म्हणजे शाळेतल्या शिक्षकांच्या जागा ठरवताना, खेळाचा आणि कलेचा शिक्षक आधीच सगळ्यांत पहिला गळतो.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, त्यात हे बसू शकतं. सुरुवात प्रायोगिक तत्त्वावर करायची असेल तर धारणी, एटापल्ली, झरी-जामणी असे दुर्गम तालुके घ्या. नागपूरला लागून असलेले घेऊ नका, तिथे अहवाल चांगला येईल आणि कळणार काहीच नाही. आणि जाहिरात निघेल तेव्हा त्यात ‘पाच वर्षांचा संबंधित अनुभव आवश्यक’ अशी अट घालू नका. जे पद महाराष्ट्राच्या एकाही तालुक्यात कधी नव्हतं, त्याचा अनुभव आम्ही कुठून आणायचा?

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक शारीरिक शिक्षक
जिल्हा यवतमाळ