आई, ‘थोडं’ म्हणू नकोस

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आई तिच्या मोडलेल्या, प्लास्टरमधल्या मनगटाबद्दल म्हणाली, “थोडं ठणकतंय गं, बाकी काही नाही.” त्यानंतर मला झोप लागली नाही. तुमची लेक बारा वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. हे ‘थोडं’ मी रोज ऐकते आणि त्यावर कधीच विश्वास ठेवत नाही.

आई, तू काही जगावेगळी पडली नाहीस. तोल गेला की माणूस हात पुढे टेकतो, सगळा भार तळव्यावर येतो आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडतं. कॉलिस नावाच्या आयरिश सर्जनने 1814 साली याचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 मध्ये, म्हणजे त्याने हे सगळं नुसतं बघून, चाचपून ओळखलं होतं. आम्ही अजून त्याच्याच नावाने हे फ्रॅक्चर ओळखतो.

बाबा, आता तुमची ड्यूटी. पहिले दोन-तीन दिवस हात उशांवर, छातीपेक्षा उंच. झोळीत लोंबकळत ठेवला की बोटं सुजतात. जागेपणी दर तासाला मूठ मिटायला आणि उघडायला लावा, कुरकुरली तरी. मग तिचं एक नख दाबा. पांढरं पडेल. सोडा आणि मनात ‘एक, दोन’ म्हणा. तेवढ्यात गुलाबी व्हायला हवं. रात्री झोपण्याआधी हे चुकवू नका.

खरी भीती वेगळीच आहे. हाताच्या स्नायूंभोवती न ताणणारं आवरण असतं. आत सूज वाढत गेली की दाब वाढतो आणि स्नायूंना रक्त पुरत नाही. अशा वेळी नाडीसुद्धा लागते, त्यामुळे माणूस फसतो. खूण एकच लक्षात ठेवा: दुखणं उतरायच्या ऐवजी चढत जातं, गोळीला दाद देत नाही आणि तुम्ही तिचं बोट हलकेच सरळ केलंत तरी असह्य कळ येते. असं झालं किंवा बोटं बधिर होऊ लागली तर लगेच इमर्जन्सीत न्या, मध्यरात्र असली तरी. साधारण सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. “रात्री कशाला कुणाला उठवायचं” म्हणून सकाळपर्यंत थांबलेले एक आजोबा आमच्याकडे आले होते. कुणाचंही ऐकून न घेणारे, अगदी आईसारखे! त्यांची बोटं आजही वाकडीच आहेत.

प्लास्टरमध्ये पट्टी घालून खाजवायचं नाही. आत जखम झाली तर बाहेरून कळत नाही. प्लास्टर निघाल्यावर तेल चोळून जोरात मालिशही नको. खांदा मात्र आजपासूनच फिरवायचा, नाहीतर मनगट सुटेल आणि खांदा धरून बसेल.

एक अप्रिय गोष्ट. उभ्या उभ्या पडून मनगट मोडतं, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असण्याची शक्यता असते आणि पुढची पाळी खुब्याची येऊ शकते. त्यामुळे हाडांच्या घनतेची तपासणी दोघांचीही करायची. बाबा, ‘मला काय झालंय’ चालणार नाही. तुमच्यापैकी कुणी पडलं आणि एक पाय आखूड, पाऊल बाहेर वळलेलं दिसलं, तर उठवून चालवून बघू नका. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि डॉक्टर बघेपर्यंत खायला देऊ नका. ‘या वयात ऑपरेशन कशाला’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण ते एक-दोन दिवसांत झालेलं बरं. अंथरुणावर खिळून राहिलं की न्युमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात.

मी शनिवारी येते. पुढच्या आठवड्यातल्या एक्स-रेला मीच घेऊन जाईन. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि हाड सरकू शकतं, म्हणून तो टाळायचा नाही.

आणि बाबा, ती पडल्या पडल्या साबण लावून अंगठी काढून घेतलीत, शाबास! आमच्याकडे बहुतेकांच्या कटरने कापाव्या लागतात. फक्त ती कुठे ठेवलीत ते आईला सांगा. काल हातापेक्षा जास्त वेळ ती त्याबद्दलच बोलत होती.

तुमची,
ताई